न भरलेला वाघ

(पालघर जिल्ह्यात झालेल्या कार्यकर्ता अभ्यास शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर.)



काल माझी दोन सत्रे झाली. वनहक्क कायदा, मजुरीचे दर आणि रोजगार हमी यांविषयी त्यांत जे बोललो त्याची टिपणे आपण घेतलेली आहेत. तेव्हा ते सारे पुन्हा उगाळण्याचे कारण नाही. आजच्या समारोपासाठीही मी एक टिपण लिहून आणले होते. ते आता खिशातच राहू दे. आपण सर्व जण या सभागृहाच्या मागच्या भिंतीकडे पाठ करून बसला आहात. मी मात्र काल दिवसभर व्याख्यात्याच्या जागेवरून त्या भिंतीकडेच पाहत होतो. आज मला त्या भिंतीविषयी बोलायचे आहे.

त्याला निमित्तही घडले. काल दुपारी चहाच्या वेळी आपल्यातील एका तरुण साथीने मला विचारले, "सर, कार्यकर्त्यांच्या शिबिरात भिंतीवर वाघ कशाला? आपल्या तालुक्यात वाघ नाही. आणि असता तर त्याच्या बंदोबस्तासाठी आपणच तहसील कचेरीवर मोर्चा नेला असता. आपला प्रश्न जमिनीचा, मजुरीचा, पाण्याचा. वाघ हा मुंबईच्या लोकांचा प्रश्न आहे." आजूबाजूचे हसले. मीही हसलो. पण रात्री विचार करता जाणवले की, या प्रश्नाला आपल्या चळवळीने आजवर नीट उत्तर दिलेले नाही, आणि तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवून मीही ते दिलेले नाही.

चित्रकलेत मला गती नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. डोळ्यांना दिसते तेवढेच सांगतो. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले हे चित्र आहे. खाली भाताची लावणी चालली आहे. डावीकडे ताडावर चढलेला माणूस आहे. मध्यभागी तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वेढे घेत गेलेली नाचणाऱ्यांची साखळी. वरच्या अंगाला रान आहे. त्यात मोर, माकडे, ससे आणि अंगभर ठिपके भरलेला एक बिबट्या. आणि अगदी कडेला, वाघोबाच्या ठाण्याशी, चंद्रसूर्याच्या खाली बसलेला वाघ. तो माणसांहून मोठा आहे. परंतु तो भरलेला नाही. नुसती बाहेरची रेघ आहे, आतून भिंतीचा गेरू तसाच दिसतो. आकाशातली तीन गिधाडेही तशीच रिकामी आहेत. शिंगांचे एक जनावर आहे, सांबर असावे, तेही रिकामे.

मला वाटले, काम अर्धवट राहिले असेल. मानधनाचा काही घोटाळा झाला असेल. आपल्या चळवळीत तेही होत असते. हे चित्र शेजारच्या पाड्यावरच्या दोघी जावांनी काढलेले आहे. संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात मदतीला आल्या होत्या, तेव्हा मी विचारले. थोरलीने सांगितले की, जे आम्ही डोळ्यांनी पाहिले ते भरले, आणि जे म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकले त्याची नुसती रेघ काढली. बिबट्या त्यांनी पाहिला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याने दारातले कुत्रे नेले. वाघ तिच्या आजेसासूने पाहिला होता. गिधाडे लहानपणी पाहिल्यासारखी धाकटीला वाटते, पण खात्री नाही म्हणून तीही भरली नाहीत.

खात्री नाही म्हणून भरले नाही! आमच्या नियोजनाच्या आकडेवारीत ही शिस्त पाळली गेली असती तर किती रकाने कोरे राहिले असते, याचा विचार मी परतीच्या वाटेवर करीत होतो.

गैरसमज नको म्हणून सांगतो, ही काही वारली चित्राची जुनी रीत नव्हे. ही या दोन बायकांनी आपल्या बुद्धीने केलेली योजना आहे. परंतु तिच्यामागे जी जुनी रीत आहे तिच्याविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण आज आपल्याला वारली चित्र भेटते ते कुडत्यावर आणि कपबशीवर. मुळात ते लग्नाचे चित्र. घरात लग्न निघाले की सवासिनींनी आतल्या भिंतीवर चौक लिहायचा; बांबूच्या काडीचे टोक चावून केलेली कुंचली आणि पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ एवढेच साहित्य. चौकात पालघट देवी. पाल्याने भरलेला घट, म्हणजे वनस्पतीची, उपजाऊपणाची देवता. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या. धवलेरी गाणी म्हणते आणि त्या गाण्यांनी देव चौकात येतात. चौकाच्या चौकटीबाहेर झाडे, पाखरे, जनावरे, माणसे यांची दाटी. म्हणजे नवीन संसार उभा राहताना त्याचे साक्षीदार केवळ सोयरे नसत. सारे रान साक्षीला असे.

आणि याच लग्नाचे अर्थकारण काय होते? चौक लिहिण्याला पैसा लागत नव्हता, पण लग्नाला लागत होता. तो सावकार-जमीनदाराकडून कर्जाऊ घ्यायचा आणि फेडीसाठी नवरा-नवरी दोघांनी त्याच्या वाड्यावर राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज शेदोनशेचे, राबणे जन्माचे. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या गुलामगिरीचे जे चित्र रेखाटले आहे ते आपण सर्वांनी वाचलेले असावे, अशी माझी अपेक्षा आहे. मे १९४५ मध्ये झरीला परिषद भरली आणि वेठबिगार नाकारण्याची शपथ घेतली गेली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार होऊन पाच आदिवासी बळी पडले. पाचशे रतल गवताला अडीच रुपये, एवढ्या साध्या मागणीसाठी ती माणसे लढत होती. तो लढा लाल बावट्याचा होता. त्या पक्षाशी आपले मतभेद होते आणि आहेत. परंतु लग्नगडी ही संस्था कोणी मोडली याचे उत्तर देताना आपण कंजूषपणा करू नये.

मला हे दोन्ही एकत्र पाहावेसे वाटतात. एकाच घरात, एकाच लग्नात, आतल्या भिंतीवर पालघट आणि बाहेर ओसरीवर सावकाराची वही. ज्या हातांनी चौक लिहिला तेच हात दुसऱ्या दिवसापासून वाड्यावर शेण काढायला. चित्रातले रान संपन्न आहे, आणि ते काढणारी माणसे कंगाल आहेत. ही कंगाली आली कोठून?

ती रानातूनच आली; म्हणजे रान हिसकावण्यातून आली. वारल्यांच्या जमिनी सावकारांकडे गेल्या ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी जंगल खात्याच्या स्थापनेची आहे. १८६० नंतरच्या दशकात मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग या जिल्ह्याच्या पश्चिम भागातून गेला. रुळांखाली घालायला लाकूड हवे, वाढत्या मुंबईला इमारती लाकूड हवे, फाटी हवीत, कोळसा हवा. १८७८ च्या कायद्याने सरकारने जंगल राखीव केले ते झाडाच्या प्रेमाने नव्हे. तो कच्चा माल ताब्यात ठेवण्याचा व्यवहार होता. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत त्याविरुद्ध एवढा आक्रोश झाला की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. आदिवासीच्या हातातला कोयता हा जंगलाचा शत्रू, आणि कंत्राटदाराच्या हातातला करवता म्हणजे शास्त्रीय व्यवस्थापन, ही भाषा तेव्हापासूनची. ती आजही कचेऱ्यांतून ऐकू येते.

वाघाचे काय झाले? जे जंगलाचे झाले तेच. वाघ मारणाऱ्याला सरकारी इनाम होते. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेला अंदाज असा की, १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत या देशात ऐंशी हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. हा काही तीरकमठ्याचा पराक्रम नव्हे. इनाम होते, बंदूक होती, साहेबाचा आणि संस्थानिकाचा मचाण होता. आणि रान उठवायला वेठीने धरलेला आदिवासी होता. म्हणजे ज्याचे ठाणे मांडायचे त्याच्याच अंगावर ढोल बडवत जायचे, आणि मजुरी मागायची नाही. मुंबईच्या दाराशी, साष्टीत, शेवटचा वाघ १९२९ साली मारला गेल्याचे सांगतात. त्या वेळी ज्या मुलीने रानात वाघ पाहिला असेल ती आज जिवंत असती तर शंभरीच्या आसपास असती. त्या दोघी जावांच्या आजेसासूचे गणित बरोबर जुळते.

आता आपल्या घरातली एक गोष्ट. १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने कंत्राटदाराला बाजूला सारून कूप तोडण्याचे काम मजुरांच्याच संस्थांना देण्यात आले. हे पाऊल पुरोगामी होते, आणि मी वर्गात अनेक वर्षे ते सहकाराच्या यशाचे उदाहरण म्हणून सांगत आलो. मजुरांना बरी मजुरी मिळाली, हे खरेच आहे. परंतु कंत्राटदार गेला तरी कुऱ्हाड तीच राहिली. किती तोडायचे, कोणासाठी तोडायचे, काय राखायचे, हे प्रश्न आपण विचारलेच नाहीत. नफ्याची वाटणी न्याय्य झाली की उत्पादन कशाचे होते हे पाहायची गरज नाही, असा आपला समज होता. समाजवादी विचारातली ही उणीव मी आता पासष्टीत कबूल करतो आहे. तिशीत केली असती तर विद्यार्थ्यांचे बरे झाले असते.

विद्यार्थ्यांवरून आठवले. अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठात 'मुक्त वस्तू' नावाची एक कल्पना असते. निसर्गात विपुल असल्यामुळे जिला किंमत नसते ती मुक्त वस्तू. मी हवा, सूर्यप्रकाश आणि रानातली फाटी अशी उदाहरणे देत असे. एके वर्षी जव्हारकडचा एक मुलगा वर्गात उठून म्हणाला, "सर, आमच्याकडे फाटीची मोळी आणली तर राखणदार कोंबडा मागतो. ती मुक्त कशी?" वर्ग हसला. मी काहीतरी सारवासारव केली. आज मला त्याला सांगावेसे वाटते की, रानाला किंमत नाही असे मानणारे फक्त आम्ही पुस्तकवाले होतो. तुझ्या लोकांना किंमत ठाऊक होती, आणि ती कोणाला द्यायची हेही ठाऊक होते. वाघोबाला वर्षातून एक कोंबडा, राखणदाराला वर्षभर.

वाघोबाविषयी थोडे अधिक बोलतो, कारण माझ्या मते आपल्या तरुण साथीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. वाघोबाच्या अनेक कहाण्या आहेत. एका कहाणीत तो एका कुमारी मातेचा मुलगा आहे. तो वाघ होतो, गावाची गुरे मारू लागतो, लोक आईकडे तक्रार घेऊन येतात. आणि मग तडजोड होते. गावाने त्याला वेशीवर जागा द्यावी, वर्षातून एकदा त्याचे मागणे द्यावे, आणि त्याने गावाला सांभाळावे. आश्विन वद्य द्वादशीला, ज्या दिवशी आपण वसुबारस म्हणून गायीची पूजा करतो, त्याच दिवशी रानाकडेची माणसे वाघबारस करतात. एकाच तिथीला एका ठिकाणी गाय आणि दुसऱ्या ठिकाणी गाय खाणारा! २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदली आहेत. वाघ संपून कित्येक दशके झाली. ठाणी राहिली, आणि बिबट्याने ती जागा घेतली.

यात अंधश्रद्धा आहे का? असेल. मी कोंबडा कापायला जाणार नाही. परंतु अर्थशास्त्रज्ञ म्हणून पाहिले तर तेथे एक करार दिसतो. रान सामाईक आहे. त्यात वाघाचा हिस्सा आहे. गाय गेली तर ती चोरी नव्हे, तो वाटा गेला. तिचे दुःख आहे, आणि ज्याची एकच गाय आहे त्याचे दुःख फार मोठे आहे. पण त्यासाठी रानातून वाघाचे नाव खोडायचे नसते. बाजाराच्या हिशेबात असा हिस्सा बसत नाही. ज्याला सात-बारा नाही, मतदान नाही आणि खरेदीची ऐपत नाही, त्याचा वाटा शून्य. या कसोटीवर वाघ आणि वारली एकाच ओळीत उभे राहतात, आणि म्हणूनच दोघे एकाच काळात, एकाच यंत्राखाली सापडले.

गिधाडांची गोष्ट याहून अलीकडची आहे, आणि तिच्यात बंदूक नाही. गुरांना दुखणे-खुपणे झाले की देण्याचे डायक्लोफिनॅक हे औषध स्वस्त झाले. ते घेतलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली तोवर आकाश रिकामे झाले होते. २०२४ साली अर्थशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात याचा हिशेब प्रसिद्ध झाला. गिधाडे गेली, मेलेली गुरे उघड्यावर सडू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. आणि २००० ते २००५ या पाच वर्षांत त्यामुळे सुमारे पाच लाख जादा माणसे मेली असावीत, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. पाच लाख! ती माणसे कोण असतील हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या घरात नळ नाही आणि ज्यांना कुत्रे चावले तर लस तालुक्याच्या गावी मिळते, ती. आमच्या शास्त्राला गिधाडाचा रकाना उघडायला २०२४ साल उजाडले. या बायकांनी तो भिंतीवर उघडूनच ठेवला आहे.

म्हणून वाघ हा मुंबईच्या लोकांचा प्रश्न आहे, हे मला मान्य नाही. मुंबईतल्या काही लोकांनी तो आपला करून घेतला, कारण आपण तो टाकून दिला. त्याचे परिणाम आपण भोगतो आहोत. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे वनहक्क दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून हटवण्याचा आदेश दिला, आणि पंधरवड्यातच त्याला स्थगिती द्यावी लागली. त्या प्रकरणात अर्जदारांमध्ये वन्यजीवप्रेमी संस्था होत्या. आदिवासी हटला की वाघ वाचेल, हा त्यांचा सिद्धान्त. तो खोटा आहे, हे सांगायला आपण उभे राहतो. पण वाघ वाचावा असे आपल्यालाही वाटते, हे आपण कधी म्हटले आहे? आपल्या गेल्या कित्येक जाहीरनाम्यांत मी शोधले. सापडले नाही.

याची दुसरी बाजू मी लपवणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघ वाढले आणि त्यांच्या तोंडी माणसे जात आहेत. सरपण आणायला, तेंदूपाने आणि मोहफुले वेचायला गेलेल्या बायका त्यांत आहेत. त्यांच्या घरी जाऊन सहजीवनाची प्रवचने देण्याचा अधिकार मला नाही. पण तेथेही कचेरीतून आलेले उपाय तपासले पाहिजेत. २००१ नंतर जुन्नरच्या उसात बिबट्यांचा त्रास वाढला तेव्हा ते पकडून दूरच्या रानांत नेऊन सोडण्यात आले. जेथे सोडले तेथे हल्ले वाढले, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. जून २००४ मध्ये मुंबईतल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला एका महिन्यात दहाच्या आसपास माणसे बिबट्यांनी मारली. कोणाचा प्राणी कोठे नेऊन सोडायचा, हे कोणालाही न विचारता ठरवण्याचा तो परिणाम होता. आणि हा ऊस मुळात कोणाचा, त्याला पाणी कोणाचे, हा विषय आज काढला तर समारोप संध्याकाळपर्यंत चालेल.

चित्राकडे परत येतो. भास्कर कुलकर्णी नावाच्या चित्रकाराला हस्तकला मंडळाने १९६६ च्या दुष्काळात बिहारमध्ये पाठवले होते. मिथिलेच्या बायकांना कागद देऊन भिंतीवरचे चित्र विकता येईल असे करायचे, हे दुष्काळी कामच होते. तेच कुलकर्णी १९७० नंतर वारली पाड्यांवर आले, आणि त्यांना गंजाडला जिव्या सोमा मशे भेटले. मशे यांचे पुढचे यश आपण जाणता. मुंबईत प्रदर्शन झाले, परदेशांत बोलावणी आली, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रात हजारो बारीक रेघा आहेत. ती पाहताना मजुराच्या हाताची चिकाटी काय असते हे कळते. या कलेने अनेक घरांत भाकरी आणली, तिला मी नावे ठेवणार नाही. पण दोन गोष्टी घडल्या. भिंतीवर होते तोवर हे काम बायकांचे होते आणि त्याला मोल नव्हते. कागदावर येऊन मोल आले तेव्हा ते बहुतांशी पुरुषांचे झाले. आणि दुसरे, कागद रानापासून सुटा होतो. २०१४ साली वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळाले. चित्राच्या भूगोलाला कायद्याचे संरक्षण मिळाले. खऱ्या भूगोलाचे काय?

डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. त्याच किनाऱ्यावर वाढवणला बंदर होणार आहे. २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि खर्चाचा आकडा ७६ हजार कोटींच्या घरात आहे. मच्छीमार वर्षानुवर्षे विरोध करीत आले आहेत. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर मिळून सुमारे २२ हजार तिवरांची झाडे तोडण्यास डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. २०१९ च्या ऑक्टोबरात आरे वसाहतीत एका रात्रीपासून सुरू करून दोन हजारांहून अधिक झाडे पाडली, त्या आरेतही वारल्यांचे पाडे आहेत आणि बिबटे आहेत. उद्या या बंदराच्या स्वागतकक्षात मोठे वारली चित्र लागेल, यावर मी पैज लावायला तयार आहे. त्यात वाघ असेल, आणि तो भरलेला असेल.

आता आपल्या कामाचे. काल दाव्यांच्या सत्रात पुराव्यांची चर्चा झाली तेव्हा सर्वांनी दंडाच्या पावत्या, एकसाली प्लॉटचे कागद आणि मोजणीचे नकाशे यांवर भर दिला. वैयक्तिक दाव्यांसाठी ते योग्यच आहे. सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याकडे मात्र आपण दुर्लक्ष केले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली हा हक्क मिळवला आणि त्यानंतर आपला बांबू आपण विकून दाखवला. या दाव्यासाठी कोणता पुरावा चालतो? नियम १३ काढून वाचा. चराईच्या परंपरागत जागा, कंदमुळे गोळा करण्याच्या जागा, पवित्र वृक्ष, देवराया, तळी, स्मशाने, हे सर्व पुरावे आहेत. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले निवेदनही पुरावा आहे.

म्हणजे वाघोबाचे ठाणे हा कायद्याने ग्राह्य धरावा असा पुरावा आहे. आपल्यातील बुद्धिवादी साथी त्याच्यावरून ओलांडून जातात, आणि वनाधिकारी त्याला अतिक्रमण समजतात. दोघांनाही ते दिसत नाही. ठाणे कोठे आहे, त्याच्या पलीकडे कोणती झाडे तोडायची नाहीत असा संकेत होता, वाघबारसेला कोणत्या पाड्याची माणसे तेथे जमतात, याची नोंद केली तर गावाच्या सामूहिक रानाची हद्द तिच्यातून उभी राहते. आणि हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने रानाचा काही भाग वन्य प्राण्यांसाठी राखावा असे ठरवले, तर त्यालाही हाच कायदा आधार देतो. जंगलाचे संरक्षण करण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. रान राहिले तर काय काय परत येते ते सांगता येत नाही. रानपिंगळा नावाचे घुबड शंभरहून अधिक वर्षे नामशेष समजले जात होते. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ सापडले, आणि २०१४ मध्ये आपल्या तानसाच्या रानातही दिसले.

काल ज्यांनी मला प्रश्न विचारला त्या साथींना माझी एक विनंती आहे. शिबिर दुपारी संपते. त्या दोघी जावांची सासू पाड्यावर आहे. वाघोबाची तीन ठाणी कोठे होती ते तिला ठाऊक आहे. त्यांतले एक आता रोपवनाच्या तारेच्या कुंपणात गेले आहे, असे सुनांनी मला सांगितले. आपण आजच तिच्याकडे जावे, वही घेऊन बसावे आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून, वाचून दाखवून, अंगठा घ्यावा. बरोबर वनहक्क समितीचा एखादा सदस्य असावा. तिने काय डोळ्यांनी पाहिले आणि काय सासूकडून ऐकले, हे वेगवेगळे लिहावे. म्हातारीला ऐकू कमी येते, तेव्हा जरा मोठ्याने विचारावे लागेल.